सोसायटीने विम्याचा पुरावा मागितलाय, काय काय द्यायचं?

प्रश्न: मी भांडुपला राहतो आणि प्लंबिंगची कंत्राटं घेतो. पाच माणसं कायमची आहेत, दोन हेल्पर लागतील तसे नाक्यावरून आणतो. मुलुंडमधल्या सात मजली, २८ फ्लॅटच्या एका सोसायटीचं साडेअकरा लाखांचं काम ठरलंय. बाहेरच्या भिंतीवरचे जुने बिडाचे सॉइल आणि वेस्ट (संडासाचे आणि सांडपाण्याचे) पाईप काढून पीव्हीसीचे बसवायचे, गच्चीवरची रिंग (टाकीच्या पाण्याची गच्चीभर फिरणारी लाइन) आणि तिथून खाली येणाऱ्या सगळ्या डाउनटेक लाइन नव्या करायच्या. मुदत तीन महिने, त्यानंतर एक वर्ष दोषदुरुस्तीची हमी. सोसायटीच्या आर्किटेक्टने ‘प्रूफ ऑफ इन्शुरन्स’ मागितलं. मी माझी आयुर्विम्याची पॉलिसी, माणसांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्याच्या पावत्या आणि महापालिकेच्या प्लंबर परवान्याची प्रत दिली, तर सगळं परत पाठवलं. एजंट म्हणतो, २५ लाखांची पब्लिक लायबिलिटी (बाहेरच्या लोकांच्या नुकसानीचा विमा) काढली की विषय संपला. नक्की काय लागतं? तीन महिन्यांपुरतंच घेता येईल का? नाक्यावरच्या माणसांची नावं आधी कशी देणार? हे कायद्याने लागतं की आर्किटेक्टची हौस आहे? गच्चीवरचं काम आम्ही सोमवारी सुरूसुद्धा केलंय.
— एक वाचक, भांडुप (पश्चिम)

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण पैशाच्या दृष्टीने तेच सगळ्यात धोक्याचं आहे. गच्चीवरचं काम आजच थांबवा. विमा मागच्या तारखेपासून मिळत नाही. १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. म्हणजे सोमवारपासून आजपर्यंत काही घडलं असेल तर ते तुमच्या खिशातून. प्रस्ताव अर्जात काम कोणत्या तारखेला सुरू झालं, किती झालं, आतापर्यंत काही नुकसान झालं का, हे खरं लिहा. ‘अजून सुरू व्हायचंय’ असं लिहून पॉलिसी काढायचा मोह होतो. पण दावा आला की विमा कंपनीचा सर्व्हेअर सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर मागू शकतो, आणि त्यात तुमच्या माणसांच्या सह्या तारीखवार असतात.

आता परत आलेल्या कागदांबद्दल. आयुर्विम्याची पॉलिसी तुमच्या घरच्यांसाठी आहे, सोसायटीचा तिच्याशी संबंध नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा चांगलाच आहे, तो चालू ठेवा. वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयाच्या माणसाला अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण, १ जून ते ३१ मे. पण ते पैसे त्या माणसाच्या वारसाला मिळतात आणि मालक म्हणून तुमच्यावर असलेली भरपाई त्यातून एक रुपयानेही कमी होत नाही. एजंट लोक ‘लेबरचा विमा’ म्हणून ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी विकतात, तिचंही तेच. परवान्याने तुम्हाला काम येतं हे कळतं. नुकसान झाल्यावर पैसे कोण देणार हे कळत नाही. आर्किटेक्टने कागद परत केले ते बरोबरच केलं. फक्त काय हवं ते त्यांनी एका ओळीत लिहून द्यायला हवं होतं.

कायदा की हौस? जबाबदारी कायद्याची आहे, कागद कराराचा. तुमचा माणूस कामावर जखमी झाला किंवा गेला तर भरपाई तुम्ही द्यायची, चूक कोणाची होती हे बहुतेक वेळा न बघता. आधी हे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने चालत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. कंत्राटदाराच्या माणसासाठी मूळ काम देणाऱ्याला धरण्याची तरतूदही त्यात आहे. सोसायटी ‘व्यवसाय’ करते का आणि ही तरतूद तिला लागते का, यावर वकील खुशाल भांडोत. कमिटीला त्या भांडणात सात वर्षं अडकायचं नसतं, म्हणून ती आधीच तुमची पॉलिसी मागते. माझ्या मते यात गैर काही नाही.

तर पहिला आणि सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी. जुने लोक तिला अजून ‘वर्कमन कॉम्प’ म्हणतात. तुमचा एजंट जी पब्लिक लायबिलिटी विकतोय, तिच्यात तुमच्या स्वतःच्या कामगारांची इजा वगळलेली असते. सातव्या मजल्यावर दोरांनी टांगलेल्या झुल्यावरून तुमचा फिटर पडला तर ती पॉलिसी काहीच देणार नाही. ‘विषय संपला’ म्हणतो तो इथे.

भरपाई किती बसते ते एकदा आकड्यात बघा. १९२३ च्या कायद्याखाली हिशोबाला धरायचं मासिक वेतन ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने कमाल १५,००० रुपये झालं. मृत्यू झाला तर त्याच्या निम्मे, म्हणजे ७,५००, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. ३० वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. २० वर्षांच्या पोराचा गुणक २२४, म्हणजे १६,८०,०००. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात. ३० वर्षांच्या माणसाला १८,७१,८२० रुपये. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. तो दंड विमा कंपनी भरत नाही. तुमच्या साडेअकरा लाखांच्या कामातला सगळा नफा आणि वर बराच काही, एका अपघातात जातो.

ही पॉलिसी काढताना चूक जिथे होते त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, पगार. हप्ता एकूण पगारावर ठरतो, म्हणून पगार कमी दाखवायचा मोह. उदाहरणादाखल तीन प्लंबर रोज १,००० रुपयांवर आणि चार हेल्पर रोज ७०० वर, महिन्याला २६ दिवस, तीन महिने असं धरू. प्लंबरचे २,३४,००० आणि हेल्परचे २,१८,४००, मिळून ४,५२,४०० रुपये. एजंट म्हणेल, कायद्यात १५,००० चीच मर्यादा आहे, तेवढेच दाखवू; सात माणसांचे तीन महिन्यांचे ३,१५,०००. ती मर्यादा भरपाईच्या हिशोबाची आहे, पगार जाहीर करण्याची नाही. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर जाहीर केलेला पगार खऱ्या पगाराच्या जवळपास ७० टक्केच ठरतो, आणि वरच्या १५,५९,८५० पैकी कंपनी सुमारे १० लाख ८६ हजार देते. उरलेले पावणेपाच लाख तुमचे. वाचलेल्या हप्त्याशी ही तुलना करून बघा.

दुसरी, माणसांची संख्या. रोजचे सात असतील, पण बिडाचे पाईप उतरवायच्या दिवशी सात पुरत नाहीत, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. चार इंची बिडाच्या पाइपाचा सहा फुटी तुकडा वीस किलोच्या आसपास भरतो. त्या दिवसांत दहा-अकरा माणसं लागणार असतील तर पॉलिसीत तो वरचा आकडा लिहा. मात्र दहा माणसं झाली की कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयसीचा, प्रश्न उभा राहतो. तिथली नोंदणी झाली की महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या माणसासाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे, आणि त्या माणसाच्या कामावरच्या अपघाताचा लाभ मग ईएसआयसीकडून मिळतो. २१,००० च्या वर घेणारा तुमचा मुख्य मिस्त्री त्यात येत नाही, त्याच्यासाठी पॉलिसी लागतेच. एकदा योजनेत आलात की नंतर माणसं कमी झाली म्हणून बाहेर पडता येत नाही. तेव्हा दहाव्या माणसाला आणण्याआधी तुमच्या सल्लागाराशी बोला.

नाक्यावरच्या माणसांबद्दल. ‘तो रोजंदारीवरचा होता, माझा नव्हता’ हा बचाव २००० सालच्या दुरुस्तीनेच गेला. एका दिवसासाठी आणलेल्या हेल्परची जबाबदारीही तुमचीच. पॉलिसी नावानिशी घेता येते, तशी नावं न देता संख्या आणि पगारावरही घेता येते. तुम्ही दुसरी मागा, ‘अननेम्ड’ असा शब्द शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, दिसला पाहिजे. काही कंपन्या नावांचाच आग्रह धरतात. अशा पॉलिसीत नाक्यावरचा माणूस बदलला की एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची लेखी नोंद, होईपर्यंत तो उघड्यावर असतो, म्हणून तुमच्या कामाला ती सोयीची नाही. नावं पॉलिसीत नसली तरी तुमच्या हजेरीत मात्र हवीत: पूर्ण नाव, जन्मतारीख, आधारची प्रत, आल्या-गेल्याची वेळ, सही. जन्मतारखेला महत्त्व आहे कारण गुणक वयावर ठरतो, आणि १८ खालचं पोर परांचीवर चढवलेलं निघालं तर विमा हा तुमचा सगळ्यात छोटा प्रश्न असेल. मजुरी शक्यतो यूपीआयने द्या. दावा आल्यावर ‘हा माणूस त्या दिवशी तुमच्याकडे होता कशावरून’ याला बँकेच्या नोंदीसारखं उत्तर नाही.

तिसरी जागा कामाचं वर्णन, आणि दावे इथेच सगळ्यात जास्त अडकतात. शेड्यूलवर नुसतं ‘प्लंबिंग’ असलं तर कंपनीने घराच्या आतलं बेसिन-नळाचं काम समजून दर लावलेला असू शकतो. तुमचं काम बाहेरच्या भिंतीवर, साधारण २२ मीटर उंचीपर्यंत, परांची आणि झुल्यावरून आहे. ते तसंच लिहून घ्या: बाहेरील ड्रेनेज व पाणीपुरवठा पाईप काढणे व बसवणे, तळमजला ते गच्ची, परांची व झुल्याचा वापर. उंचीची मर्यादा घालणारी एखादी ओळ पॉलिसीत आहे का ते शोधा. कामाचा पत्ता ठरावीक लिहिणार असाल तर भांडुपचं गोदामही त्यात टाका; पाईप तिथे कापत असाल आणि बोट तिथे गेलं तर मुलुंडच्या पत्त्याची पॉलिसी उपयोगाची नाही. परांची बांधणारा वेगळा असेल, कोअर कटिंगवाला (भिंतीला यंत्राने गोल भोक पाडणारा) वेगळा असेल, तर त्यांच्या माणसांचं काय तेही आत्ताच ठरवा. एकतर त्यांची स्वतःची पॉलिसी घेऊन फाइलला लावा, नाहीतर उपकंत्राटदाराची माणसं म्हणून तुमच्या पॉलिसीत जाहीर करून जादा हप्ता भरा. न सांगितलेली माणसं पॉलिसीत आपोआप येत नाहीत.

शिवाय औषधोपचाराचा खर्च. २००९ च्या दुरुस्तीपासून प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च मालकाने द्यायचा आहे, पण मूळ पॉलिसीत तो बहुधा नसतो, ‘मेडिकल एक्स्टेन्शन’ म्हणून माणशी मर्यादा ठरवून घ्यावा लागतो. मांडीचं हाड मोडून खाजगी रुग्णालयात प्लेट बसवायची वेळ आली तर २५,००० ची मर्यादा पहिल्या दिवशीच संपते. दोन लाखांच्या खाली जाऊ नका. भरपाईच्या रकमेपुढे ‘कायद्याप्रमाणे’ असं असावं, ठरावीक आकडा नसावा. आणि पॉलिसीचा मसुदा जुना, फक्त १९२३ च्या कायद्याचा उल्लेख असलेला असेल, तर सामाजिक सुरक्षा संहितेखालची जबाबदारीही यात धरली आहे असं एंडोर्समेंटने लिहून घ्या. एका ओळीचं काम आहे, पुढचा वाद वाचतो.

ही पॉलिसी तीन महिन्यांपुरती मिळते. काम लांबतं हे गृहीत धरून चार महिन्यांची घ्या. पावसाळा मध्ये येत असेल तर पाच. पण दोषदुरुस्तीच्या वर्षात एखाद्या तक्रारीसाठी माणूस पुन्हा परांचीवर चढवलात तर त्या दिवशीही पॉलिसी चालू हवी. बारा महिने सतत कामं चालू असतील तर वार्षिकच परवडते.

आता दुसरा कागद: सोसायटीच्या, रहिवाशांच्या आणि रस्त्यावरच्या लोकांच्या नुकसानीचा. इथे ‘तीन महिन्यांपुरतं’ चालत नाही, आणि कारण समजून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच पब्लिक लायबिलिटी पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ पद्धतीच्या असतात; म्हणजे दावा पॉलिसीच्या मुदतीत दाखल झाला तरच पैसे. प्लंबिंगमधलं नुकसान मात्र बिल निघाल्यानंतर उगवतं. तुम्ही मार्चमध्ये काम सोडता, ऑगस्टमध्ये एक जोड निसटतो आणि चौथ्या मजल्याचं फॉल्स सीलिंग खाली येतं. मार्चला संपलेली पॉलिसी तोवर रद्दी झालेली असते. तुम्हाला हवी ती कमर्शियल जनरल लायबिलिटी पॉलिसी, ‘कम्प्लीटेड ऑपरेशन्स’ (काम संपल्यावर उगवणारं नुकसान) या भागासकट, आणि दोषदुरुस्तीचं वर्ष संपेपर्यंत खंड न पडता नूतनीकरण केलेली. नूतनीकरणात ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट’ (जिच्या आधीचं काम विम्यात धरलं जात नाही ती तारीख) पहिल्या पॉलिसीचीच राहिली पाहिजे. कंपनी बदलताना ती पुढे सरकवली तर मधलं सगळं काम विम्याबाहेर जातं, आणि कागदावर मात्र पॉलिसी चालूच दिसते.

नावाचा एक घोटाळाही टाळा. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी कायदा भोपाळनंतर आला, तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. त्याची पॉलिसी तुमच्या कामाची नाही. एजंटने कुठली ‘पब्लिक लायबिलिटी’ सांगितली ते विचारा.

२५ लाख पुरतील का? शेड्यूलवर दोन आकडे असतात, एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा. गुणोत्तर १:१ असेल तर २५ लाख हे अख्ख्या वर्षासाठी, तुमच्या सगळ्या कामांना मिळून. या इमारतीत काय काय बिघडू शकतं ते धरा. रिंग बदलताना गच्चीवरून पाणी लिफ्टच्या मशीन रूममध्ये किंवा शाफ्टमधून खड्ड्यात गेलं. तळमजल्याच्या मीटर रूममध्ये गेलं. वीस किलोचा बिडाचा तुकडा दोरातून सुटून गाडीवर किंवा माणसावर पडला. मुंबईत आणखी एक हमखास गोष्ट घडते. दुपारी लाइन कोरडी असताना फिटर व्हॉल्व्ह उघडा ठेवून, टोकाला नुसता बोळा कोंबून जेवायला जातो, तिथून दुसऱ्या साइटवर जातो, आणि पहाटे पालिकेचं पाणी आल्यावर पंप सुरू होतो. सकाळपर्यंत तीन मजले भिजलेले असतात. हे सगळं लक्षात घेता एका अपघाताला ५० लाख आणि वर्षाला १ कोटी, याखाली या कामावर जाऊ नये असं आमचं मत आहे. मर्यादा दुप्पट केली म्हणून हप्ता दुप्पट होतोच असं नाही. दोन्हीचे दर मागवून बघा.

‘एक्सेस’चा आकडाही वाचा. प्रत्येक दाव्यात पहिले इतके रुपये तुम्ही भरायचे, अशी ती रक्कम असते. एक्सेस २५,००० असेल तर १५,००० रुपयांचं सीलिंग तुमच्याच खिशातून. लहान गळतीसाठी हा विमा नाहीच, तो मोठ्या फटक्यासाठी आहे, हे कमिटीलाही सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक ओला डाग तुमच्या ‘इन्शुरन्स’कडे पाठवला जाईल.

काय मिळत नाही तेही सांगून टाकतो. निसटलेला जोड परत करण्याचा खर्च मिळत नाही. त्या जोडामुळे दुसऱ्याचं जे खराब झालं तेवढंच मिळतं. महिनोन्महिने झिरपणाऱ्या ओलीला ‘अचानक आणि अपघाती’ म्हणता येत नाही, ते दावे फेटाळले जातात. म्हणून हायड्रॉलिक टेस्ट (लाइनमध्ये दाबाने पाणी भरून चाचणी) घेऊन, दाब आणि वेळ लिहून, आर्किटेक्टची सही घेतलेली असली तर नंतरच्या वादात तीच तुमची बाजू. काम उशिरा झाल्याचा दंड मिळत नाही. करारात ‘कोणत्याही कारणाने होणारं कोणतंही नुकसान कंत्राटदार भरील’ असं वाक्य असेल आणि तुम्ही सही केलीत, तर कायद्याच्या पलीकडे जाऊन स्वतःहून घेतलेली ती जबाबदारी पॉलिसीत येत नाही. ते वाक्य ‘कंत्राटदाराच्या किंवा त्याच्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे’ इथपर्यंत आखडून घ्या. अ‍ॅस्बेस्टॉस तर सरळ वगळलेलं असतं. जुन्या इमारतीत पावसाच्या पाण्याचे किंवा व्हेंटचे पाईप अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे निघतात. तुमच्या कामाच्या यादीत ते असतील तर तोडायला हात लावण्याआधी आर्किटेक्टला लेखी कळवा.

चेंबर आणि सेप्टिक टँकबद्दल दोनच वाक्यं. लाइन जोडताना चेंबरमध्ये किंवा टाकीत माणूस सफाईला उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गटारात मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवली आहे. यंत्राची गाडी बोलवा आणि तिचं बिल अंदाजपत्रकात आधीच घाला.

आणखी एक पर्याय असा की लायबिलिटी वेगळी न घेता या एका कामापुरती कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी घ्यायची. तिच्यात काम आणि साइटवरचं साहित्य येतं, पुढे थर्ड पार्टीचा भाग येतो आणि देखभालीच्या मुदतीचं संरक्षण जोडता येतं. विमा रक्कम पूर्ण कंत्राटाची, सोसायटीने पुरवलेलं साहित्य धरून, ठेवावी लागते. तुमचं दुसरं मोठं काम नसेल तर ही स्वस्त पडू शकते. पण तिच्या थर्ड पार्टी भागात काम देणाऱ्याची स्वतःची मालमत्ता वगळलेली असते, आणि इथे काम देणारी सोसायटीच आहे! म्हणून आजूबाजूच्या मालमत्तेचं, ‘ओनर्स सराउंडिंग प्रॉपर्टी’ नावाचं, एक्स्टेन्शन नसेल तर मशीन रूम भिजली तरी हात वर होतात. देखभालीच्या संरक्षणातही ‘एक्स्टेंडेड’ मागा. साध्या प्रकारात फक्त दुरुस्तीला आलेल्या माणसाने त्या वेळी केलेलं नुकसान येतं. काम अर्धवट सुरू झाल्यावर ही पॉलिसी द्यायला कंपन्या कां-कूं करतात, हेही लक्षात असू द्या. आमचा कल तुमच्यासाठी एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन आणि वार्षिक जनरल लायबिलिटी या जोडीकडे आहे.

आर्किटेक्टला द्यायचा गठ्ठा असा करा. दोन्ही पॉलिसींची पूर्ण प्रत, शेड्यूल आणि सगळ्या अटी-एंडोर्समेंटसकट. नुसतं पहिलं पान नको. हप्त्याची पावती. एजंटचं कोटेशन किंवा भरलेला प्रस्ताव अर्ज म्हणजे पॉलिसी नव्हे, तो गठ्ठ्यात घालूच नका. हप्ता चेकने भरला असेल तर तो वटल्याचं बँकेचं विवरण जोडा, चेक परत गेला की पॉलिसीचा पाया जातो. करारावर ‘अमुक प्लंबिंग वर्क्स’ आणि पॉलिसीवर तुमचं स्वतःचं नाव, असं असेल तर पॉलिसीवर दोन्ही लिहून घ्या, ‘प्रोप्रायटर’ या शब्दासकट. सोसायटीचं नाव एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनमध्ये ‘प्रिन्सिपल’ (मूळ काम देणारा) म्हणून आणि लायबिलिटीत ‘अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड’ म्हणून एंडोर्समेंटने जोडा. नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं, ‘लिमिटेड’पर्यंत.

आर्किटेक्ट काय तपासतील याचीही कल्पना असू द्या. पॉलिसी नंबर ते कंपनीच्या संकेतस्थळावर टाकतील, किंवा कंपनीच्या शाखेला मेल करतील, आणि तो मेलचा पत्ता तुमच्या कागदावरून न घेता कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतील. घेतलाच पाहिजे. पॉलिसी दाखवून काम मिळवायचं आणि पंधरा दिवसांनी रद्द करून उरलेला हप्ता परत घ्यायचा, ही युक्ती बाजारात जुनी आहे. त्यामुळे प्रत्येक रनिंग बिलाबरोबर (काम होईल तसं टप्प्याने दिलेलं बिल) पॉलिसी चालू असल्याचा मेल त्यांनी मागितला तर राग मानू नका. उलट तुम्हीच करारात तशी ओळ सुचवा, म्हणजे बिल अडवायला दुसरं निमित्त राहत नाही. तुम्हीही कमिटीला एक विचारा: सोसायटीच्या इमारतीचा विमा आहे का? भारत गृह रक्षा पॉलिसीत टाक्या आणि पाईप फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान येतं. तसं असेल तर इमारतीचं नुकसान आधी त्यांची कंपनी भरेल आणि मग वसुलीला तुमच्याकडे येईल. अशा वेळी तुमची लायबिलिटी पॉलिसी असली तर दोन कंपन्या आपापसात बघून घेतात.

अपघात झालाच तर माणसाला आधी रुग्णालयात न्या आणि तिथे कामावर पडला हेच खरं कारण नोंदवा. ‘घरी जिन्यावरून पडला’ असं सांगितलं की तो कागद पुढे तुमच्याच दाव्याच्या विरोधात उभा राहतो. एमएलसीची (रुग्णालयाने केलेल्या पोलीस-नोंदीची), पंचनाम्याची प्रत घ्या, जागेचे फोटो काढा, त्या दिवशीची हजेरी जपून ठेवा. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. कंपनीला विचारल्याशिवाय कोणाला लेखी कबुली किंवा रकमेचं आश्वासन देऊ नका. आणि मृत्यू झाला तर वारसांशी बसून, स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन रोख दिलेले पैसे कायद्याने भरपाई धरली जात नाहीत. रक्कम भरपाई आयुक्त म्हणून काम बघणाऱ्या न्यायालयात किंवा अधिकाऱ्याकडेच जमा करायची. रोख दिलेत तर दुसऱ्यांदा द्यावे लागू शकतात.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. दोन्ही हप्त्यांवर १८ टक्के जीएसटी पडतो. हे पैसे नफ्यातून काढायचे नाहीत. कमिटीशी आत्ताच बोला, काम थांबलेलंच आहे. अंदाजपत्रकात विम्याची स्वतंत्र ओळ घालून घ्या, आणि आर्किटेक्टला ५० लाखांपेक्षा मोठी मर्यादा हवी असेल तर वाढीव हप्ता सोसायटीचा असं त्याच ओळीत लिहा. पहिल्या रनिंग बिलाला हप्त्याची पावती जोडून ती ओळ वसूल करा.